पोसलेला मुलगा

पोसलेल्या मुलास आपले परकेपण घरात कळत नाही. ते लग्नकार्यात व स्मशानात कळते, असे आम्हांस वाटते. पुण्यात काशीबाई या ब्राह्मण विधवेचे मूल जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८७४ साली दत्तक घेतले, तोच यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून त्यास कोणी मुलगी देईना. अखेर १८८९ साली ज्ञानोबा ससाणे यांनी दिली. जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्यास वारस नेमले होते. तरी १८९० साली त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या मानावरून भाऊबंद अडून बसले, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले. त्या घटकेस यशवंताच्या मनाचे काय झाले असेल? चरित्रकार तिकडे फारसे वळत नाहीत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ दवाखाना घातला. तेथे दुसऱ्याचे आजारी पोर पाठीवर आणताना सावित्रीबाईंस लागण झाली, व १० मार्च रोजी त्या गेल्या.