संगणक नावाचा माणूस

'संगणक म्हणजे काय?' असा प्रश्न आज वर्गात विचारला, तर मुले पडदा, कळफलक, माऊस अशी नावे भराभर सांगतील. 'कॉम्प्युटर म्हणजे काय?' हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याला विचारला असता, तर त्याने कचेरीतल्या एका मेजाकडे बोट दाखवले असते. तिथे एक माणूस कागदावर आकडेमोड करीत बसलेला असे. तोच कॉम्प्युटर!

लॅटिनमध्ये 'कॉम्प्युतारे' असे क्रियापद आहे. त्यातील 'कॉम्' म्हणजे एकत्र. 'पुतारे' म्हणजे झाडाच्या फांद्या छाटणे, साफ करणे. त्यावरून पुढे हिशेब चोख करणे, विचार करणे असे अर्थ आले. इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द १६१३ सालच्या एका पुस्तकात आढळतो, आणि तेथे तो माणसालाच उद्देशून आहे.

आता आपला शब्द पाहू. 'सम्' म्हणजे एकत्र, 'गण्' म्हणजे मोजणे. गणित, गणना, गणक हे सारे याच धातूचे कुटुंब. शेवटचा 'क' मात्र विशेष लक्ष देण्यासारखा आहे. लेखक, वाचक, गायक, शिक्षक या शब्दांत जो 'क' आहे, तोच हा. तो क्रिया करणारा दाखवतो. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने संगणक आणि शिक्षक एकाच पंक्तीत बसतात. शब्दात 'यंत्र' कुठेच नाही.

असे गणक आपल्याकडे पूर्वीपासून होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला, तो पंचांगकर्त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. त्यात ज्या-कोटिज्यांची कटकट त्यांनी टाळली. कुलाब्याच्या वेधशाळेत काही काळ काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली. अशा प्रत्येक कोष्टकामागे महिनोन्‌महिन्यांची बेरीज-वजाबाकी असते.

हुद्दा म्हणून 'कॉम्प्युटर' मिळालेले प्रसिद्ध भारतीय म्हणजे राधानाथ सिकदार. १८३१ साली ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणात या पदावर लागले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातील 'शिखर क्रमांक १५' ची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ साली जाहीर झाले. त्या गणितात सिकदारांचा मोठा वाटा मानला जातो. शिखराला नाव मिळाले ते मात्र माजी सर्वेक्षण प्रमुख एव्हरेस्ट यांचे. सर्वेक्षणाच्या १८५१ च्या मार्गदर्शक ग्रंथातील काही भाग सिकदारांनी तयार केले होते आणि प्रस्तावनेत तसे नमूदही होते. ते वारल्यानंतर, १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळण्यात आला. आकडे राहिले, आकडे मांडणारा पुसला गेला.

मग हे नाव यंत्राकडे कसे गेले? त्यासाठी भिवंडीच्या शिक्षकांना फार लांब जायला नको. नक्षीचे कापड विणायचे तर मागावर डॉबी किंवा जॅकार्ड बसवावे लागते. फ्रान्समधील लियाँच्या जॅकार्डने १८०४ साली पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या वापरल्या. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि त्या जागचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांत सारी नक्षी लिहिता येते. चार्ल्स बॅबेजने हीच युक्ती आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. गणित करणाऱ्या भागाला त्याने 'मिल' म्हटले आणि आकडे साठवण्याच्या भागाला 'स्टोअर'. हे दोन्ही शब्द गिरणीतलेच! यंत्राला मात्र तो 'एंजिन' म्हणे, कारण कॉम्प्युटर म्हणजे अजून माणूसच होता.

हा अर्थ बराच टिकला. १९३६ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात ॲलन ट्युरिंग 'कॉम्प्युटर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कागद-पेन्सिल घेतलेला माणूस आहे. १९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' जाहीर झाला, तेव्हा त्याला गणिते घालून देण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते. त्या आधी स्वतःच कॉम्प्युटर म्हणून काम करीत. त्यानंतर हळूहळू माणसाचे नाव यंत्राला चिकटले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या भारतीय बनावटीच्या यंत्राला 'टिफ्रॅक' म्हणत. त्यातला शेवटचा 'क' कॅल्क्युलेटरचा. कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये मोजणीचा खडा.

इतर भाषांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. फ्रेंचांनी १९५५ साली 'ऑर्दिनातर', म्हणजे व्यवस्था लावणारा, हा शब्द घेतला. चिनी भाषेत 'विजेचा मेंदू' म्हणतात, फिनिशमध्ये 'ज्ञानयंत्र'. अरबीत 'हासूब' म्हणतात, आणि त्याचा धातू तोच, ज्यातून आपला 'हिशेब' आला. पेढीवर रोज उच्चारला जाणारा हा शब्द अरबी संगणकाचा सख्खा नातेवाईक आहे.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. तीन विद्यार्थी घ्या. पहिल्याने ३ पासून सुरुवात करून दर वेळी २ मिळवायचे: ३, ५, ७, ९. दुसऱ्याने १ पासून सुरुवात करून पहिल्याने दिलेली संख्या आपल्या बेरजेत मिळवत जायचे: १, ४, ९, १६, २५. तिसऱ्याने चूक तपासायची. एकही गुणाकार न करता वर्गांचे कोष्टक तयार होते. बॅबेजच्या पहिल्या यंत्रामागचे तत्त्व हेच होते. कोष्टक पुरे झाले की मुलांना विचारा, 'यात संगणक कोण?' आणि कोष्टकाखाली तिघांचीही नावे लिहायला सांगा.