घराला लागेल तेवढं

1890 च्या सुमाराचा जेठ. मध्य प्रांतातला चांदा जिल्हा. पाऊस तोंडावर आलाय, तुमचं जू मोडलंय आणि छपराचे बांबू वाळवीने पोखरलेत. खांद्यावर कुऱ्हाड टाकून तुम्ही गावच्या रानात शिरता. शेत मालगुजाराचं, रानही त्याचंच. तुम्ही कूळ.

तुमच्या आजाच्या काळी मालगुजार नुसता सारा गोळा करायचा. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्याला मालक करून टाकलं. रानातून सरपण, गवत, बांबू आणायची वहिवाट त्याहून कितीतरी जुनी.

मोळी बांधता बांधता दिवाणजी आडवा येतो. "कोणाले इचारून तोडलं रे?"

"घरासाठी हाय जी. इकासाठी नाही."

तो चरफडतो, पण वाट सोडतो. कारण गावच्या वाजिब-उल-अर्जात, बंदोबस्ताच्या वेळी लिहून घेतलेल्या रिवाजांच्या कागदात, तुमचा निस्तार नोंदलेला आहे: घरदुरुस्तीला, औताला, कुंपणाला, चुलीला लागेल तेवढं न्यावं, विकू नये. ही मेहेरबानी नव्हे. धान पिकवून खंड भरणाऱ्याची चूलच पेटणार नसेल, तर तो जमीन कसणार कशाच्या बळावर?

परतताना ठेकेदाराच्या बंड्या दिसतात, सागाच्या ओंडक्यांनी भरलेल्या. मालगुजाराने त्याला रान विकलंय. तुम्हाला एका जुवाचा जाब द्यावा लागला. या ओंडक्यांचा जाब कोणी मागत नाही. मला सगळ्यात मोठा अन्याय इथेच दिसतो: कागदावर तुमचा हक्क शाबूत, आणि तोडायला झाड उरत नाही.

आता साठ वर्षं पुढे या. 1951 मध्ये मालगुजारी गेली, रान सरकारजमा झालं. तुमचा हक्क निस्तार पत्रकात उतरला, पण दिवाणजीच्या जागी वनखात्याचा गार्ड उभा राहिला. मोळी तीच, प्रश्नही तोच.

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे सामुदायिक हक्क सांगताना निस्ताराचं नाव घेतलं, जमीनदारीच्या काळातल्या वहिवाटींसह. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

तुमचं गाव जंगलालगतचं असेल, तर तहसिलीतून जुनं निस्तार पत्रक काढून आणा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. वनहक्काच्या दाव्याला ते पुरावा म्हणून जोडता येतं.