मुंबई ते मेलबर्न : अंतर किती?



"आजी किती लांब राहते?" असे कोणी विचारले की आमची मुलगी सांगते, "बारा तास." नकाशावर मुंबई ते मेलबर्न हवाई अंतर आहे सुमारे ९,८०० किलोमीटर. ते कधीच बदलले नाही. बदलत गेला तो वेळ.

१९३१ साली पी अँड ओ कंपनीची 'स्ट्रॅथनेव्हर' ही नवी बोट लंडनहून सुएझ, मुंबई, कोलंबोमार्गे ऑस्ट्रेलियाला आली. मुंबईला बोटीत बसले की अडीच-तीन आठवड्यांत मेलबर्न! पण आपल्या माणसाला येथे येऊन घर करणे जवळजवळ अशक्य होते. १९०१ च्या कायद्याने गोरेतरांना दार बंद होते. नको असलेल्या माणसाला अधिकारी ५० शब्दांचा उतारा लिहायला सांगत, तोही त्याला न येणाऱ्या भाषेत. बोट होती, पण वाट नव्हती.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मेलबर्नच्या शताब्दीनिमित्त इंग्लंड ते मेलबर्न विमानांची शर्यत झाली. स्कॉट आणि ब्लॅक या जोडीने अलाहाबादला थांबून सुमारे ७१ तासांत ती जिंकली. महिन्याचा प्रवास तीन दिवसांवर आला! पुढे १९५६ साली एअर इंडियाचे विमान सिंगापूर, डार्विन करीत सिडनीला येऊ लागले. तरीही दार किलकिलेच होते. १९६६ मध्ये कायदा सैल झाला आणि १९७३ मध्ये वर्णभेदाचे धोरण संपले. तेव्हा कोठे आपल्यासारख्यांची वाट मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तर मुंबईहून मेलबर्नला थेट विमान सुरू झाले.

हे सारे मी कौतुकाने वाचत असे. मग एका पहाटे फोन वाजला. बाबांना हृदयविकाराचा झटका आला होता. विमानात जागा होती. मात्र मी नुकतेच येथले नागरिकत्व घेतले होते आणि ओसीआयचा अर्ज "करू पुढच्या आठवड्यात" म्हणत तसाच पडला होता. व्हिसा हाती यायला चार दिवस गेले. बारा तासांचे अंतर मला पाच दिवसांचे पडले. बाबा भेटले नाहीत.

दोष कोणाचा नाही, माझ्या आळसाचा. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवरची तारीख पाहणारा मी, घरचे कागद पाहायला विसरलो.

म्हणून विनंती, आज रात्री जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, ओसीआय कार्ड वा व्हिसा काढून तारखा पाहा. मुलांचेही विसरू नका. अर्ज भरताना काही अडले तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. चहाच्या टेबलापाशीच असेन.