नदीचं पाणी तासातासाला बदलतं, मग मासेमारीची नावसफर आखायची कशी?

नाव प्रवाहावर सोडायची आणि वाहत वाहत, गळ टाकत काही किलोमीटर खाली जाऊन बाहेर पडायचं. अमेरिकेत याला ‘फ्लोट ट्रिप’ म्हणतात. आर्कान्सा आणि मिझुरी राज्यांतल्या ओझार्क डोंगराळ भागात ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे.

ऐकायला निवांत वाटतं. पण अशा सफरीत तारीख, हॉटेल आणि गळाचं सामान या गोष्टी दुय्यम असतात. पाणी किती आहे, ते चढतंय की उतरतंय आणि ते येतंय कुठून, हे आधी बघावं लागतं. यात चूक झाली तर कधी नाव दगडांवर घासत ओढावी लागते, कधी जिवावर बेततं.

आर्कान्सातल्या दोन नद्यांवरून हे चांगलं समजतं. एक व्हाइट, दुसरी तिला येऊन मिळणारी बफेलो.

व्हाइट नदी: पाऊस नाही, तरी पाणी वाढतं

व्हाइट नदीवर बुल शोल्स हे धरण १९५१ मध्ये बांधून पूर्ण झालं. त्याच्या वीजगृहात आठ जनित्रं आहेत. एक जनित्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर नदीत साधारण ३,००० क्युसेक पाणी येतं. क्युसेक हा शब्द मराठी वाचकांना नवा नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून किंवा कोयनेतून विसर्ग सुरू झाला की बातम्यांत तोच आकडा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी.

वीज तयार होत नसतानाही नदी जिवंत राहावी म्हणून बुल शोल्समधून सुमारे ८०० क्युसेक पाणी सोडलं जातं. म्हणजे सकाळी ८०० क्युसेकने वाहणारी, कमरेइतक्या पाण्यात उतरून मासे धरता येतील अशी नदी, सगळी जनित्रं सुरू झाली की त्याच दिवशी २४,००० क्युसेकच्या आसपास जाऊ शकते. जवळजवळ तीस पट. आकाशात एक ढग नसताना.

कारण साधं आहे. उन्हाळ्याच्या दुपारी घराघरांत एसी सुरू होतात, विजेची मागणी वाढते आणि जनित्रं फिरू लागतात. शनिवार-रविवारी मागणी घटते, तेव्हा पाणीही कमी असू शकतं. त्यामुळे व्हाइट नदीवर जाणारा माणूस पावसाच्या अंदाजाइतकाच वीजनिर्मितीचा अंदाज वाचतो. या धरणांची वीज विकणारी सरकारी संस्था, साउथवेस्टर्न पॉवर अॅडमिनिस्ट्रेशन, दुसऱ्या दिवसाचं तासवार वेळापत्रक जाहीर करते. ते बदलू शकतं, असंही सांगितलेलं असतं. हा इशारा खरोखर मनावर घ्यावा, कारण एखादं वीजकेंद्र अचानक बंद पडलं तर त्याची भरपाई जलविद्युतच सगळ्यात लवकर करू शकते.

महाराष्ट्रात याचं जवळचं उदाहरण कोलाडचं. कुंडलिकेतलं राफ्टिंग वरच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालतं. पाणी आलं की तराफे निघतात, ते येण्याआधी नदीत दगडच दिसतात.

लोंढा पोहोचायला वेळ लागतो

नवख्यांची चूक इथे होते. धरणावर पाणी सुटलं म्हणजे ते लगेच सगळीकडे पोहोचलं, असं नसतं. कॉटर हे गाव धरणापासून नदीच्या वाटेने सुमारे २८ किलोमीटर खाली आहे. लोंढा ताशी पाच किलोमीटरने निघाला असं धरलं, तर सकाळी सात वाजता सुटलेलं पाणी कॉटरला दुपारी बाराच्या पुढे चढू लागेल. आधीपासून नदीत पाणी जास्त असेल, तर लोंढा याहून लवकर येतो.

जाणकार मासेमार याचा फायदा घेतात. सकाळी लोंढ्याच्या पुढे, खालच्या टप्प्यात मासेमारी करायची. जनित्रं बंद झाली की उलट, कारण पाणी आधी धरणाजवळ ओसरतं आणि मग खाली. म्हणून नाव कुठे सोडायची आणि कुठे काढायची हे नकाशा आणि घड्याळ शेजारी ठेवूनच ठरवावं लागतं.

पात्रात उतरून मासे धरणाऱ्याला धोका सर्वांत जास्त. पाणी सुटताना धरणावर भोंगा वाजतो, पण दहा किलोमीटर खाली तो ऐकू येत नाही. तिथे काठावरचा एखादा अर्धा बुडालेला दगड हेरून त्याच्यावर नजर ठेवायची. तो बुडू लागला, पाण्यावर पानं-काड्या तरंगत येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर मासा गळाला लागलेला असला तरी आपल्या गाडीच्या बाजूच्या काठावर यायचं. पलीकडे अडकलेल्या माणसाला परत येता येत नाही. शिवाय हे पाणी जलाशयाच्या तळातून येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही गारठवणारं असतं. या थंडीमुळेच धरणानंतर इथले मूळचे स्मॉलमाउथ बास मासे हटले आणि त्यांच्या जागी ट्राउट सोडण्यात आले.

नावेत बसलेल्यांसाठी एकच नियम पुरेसा आहे. जोराच्या प्रवाहात नांगर टाकू नये. नांगर तळाच्या दगडात अडकला की दोरी ताणली जाते, नावेचं एक टोक खाली खेचलं जातं आणि पाणी आत शिरतं. दोरी कापायला सुरी हाताशी हवी. लाइफ जॅकेट अंगावर असावं, नावेच्या तळाशी नव्हे.

मोठ्या पुरानंतरचं वर्ष वेगळं असतं. २००८ आणि २०११ मध्ये बुल शोल्सचा जलाशय तुडुंब भरला होता. अशा वेळी साठा उतरवण्यासाठी आठवडेच्या आठवडे मोठा विसर्ग चालू राहू शकतो. पण त्याआधी, खाली न्यूपोर्टला नदी फुगलेली असेल, तर तो रोखूनही धरतात.

बफेलो नदी: इथे फक्त पाऊस

बफेलोवर धरण नाही. तेही बांधायचा बेत होता, पण दीर्घ विरोधानंतर १९७२ मध्ये ती अमेरिकेची पहिली ‘राष्ट्रीय नदी’ ठरली. साहजिकच इथे वेळापत्रक नसतं.

वरच्या टप्प्यात पोंका गावाजवळ एक बुटका फरशी पूल आहे. त्याचा खालचा भाग आणि पाणी यांच्यात किती इंच पोकळी उरली आहे, यावरून लोक नाव सोडायची की नाही ते ठरवत आले आहेत. पोकळी खूप असेल तर नाव घासत जाईल, अगदी कमी असेल तर घरी बसावं. हा टप्पा साधारणपणे वसंतातल्या पावसानंतरच नावेला पुरतो. उन्हाळ्यात खालच्या टप्प्यांकडे जावं लागतं.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे पाणीपातळीचे आकडे ऑनलाइन दिसतात. ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘चार फूट’ म्हणजे नदी चार फूट खोल असं नाही. तो त्या जागी ठरवलेल्या शून्यापासून मोजलेला आकडा असतो आणि दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. त्याच जागेचा आलेख पाहावा. रेघ चढती असेल आणि वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू असेल, तर सध्याचा आकडा कितीही चांगला दिसला तरी सफर पुढे ढकलावी. डोंगर उभे असल्याने पाणी काही तासांत येतं. काठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर तंबू ठोकणाऱ्यांनी उंच जागा निवडावी, नाव झाडाला बांधावी आणि अंधारात वर जाता येईल अशी वाट उजेड असतानाच बघून ठेवावी.

जिथे दोन्ही हिशेब लागतात

रश या ठिकाणाहून व्हाइटपर्यंतचा बफेलोचा शेवटचा टप्पा जवळपास ३८ किलोमीटरचा आहे. मध्ये गाडीने सहज पोहोचता येईल अशी जागा नाही. म्हणजे निघताना बफेलोत पुरेसं पाणी हवं आणि तळाशी व्हाइटमध्ये शिरताना बुल शोल्सचा लोंढा नको. दमलेल्या हातांनी, थंड आणि वेगवान पाण्यातून बफेलो सिटीच्या काठाकडे नाव वळवणं अवघड जातं. म्हणून या टप्प्यावर निघण्याआधी पोहोचण्याच्या दिवसाचा वीजनिर्मितीचा अंदाजही बघतात. सफर दोन दिवसांची असेल, तर निघताना हातात असलेला अंदाज अर्धवटच असतो. तिथल्या नावा भाड्याने देणाऱ्यांना फोन करून विचारणं हा त्यावरचा जुना आणि अजूनही चालणारा उपाय आहे.