सौजन्याची बोली : आदिलाबादच्या इतिहासातील एक प्रकरण

दया, करुणा, परोपकार हे शब्द संतपरंपरेने मराठी माणसाच्या घरोघरी पोहोचवले. इतिहासलेखनात मात्र या गुणांना फारशी जागा मिळालेली नाही. इतिहास लढायांची नोंद ठेवतो, तहांची ठेवतो, कायद्यांची ठेवतो. एखाद्या अंमलदाराने दारी आलेल्या शेतकऱ्याला बसावयास सांगितले, त्याच्याच भाषेत त्याची विचारपूस केली, याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. तरीही काही प्रदेश असे आहेत की, तेथे अशा लहानसहान कृतींचा माग काढल्यावाचून मोठ्या घटनांचा अर्थच लागत नाही. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्हा हा असा एक प्रदेश होय.

पैनगंगा आणि गोदावरी यांच्या मधल्या या डोंगराळ मुलखाशी मराठीचे नाते जुने आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४पासून तो तेलंगणात आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. या लेखात ‘आदिलाबाद’ म्हणजे तो जुना, अविभक्त जिल्हा समजावा. येथील गोंडांची भाषा गोंडी, कोलामांची कोलामी. गोंडांच्या कुलकथा किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गोंडीत गाणारे परधान मात्र आपल्या घरात मराठी बोलतात. गोंड यजमानाने परधानाला दान द्यावे, परधानाने त्याच्या पूर्वजांची आठवण जिवंत ठेवावी. गावदेवतेची पूजा कोलामाने बांधावी आणि गोंडाने त्याला मान द्यावा, अशी परस्परांची बूज राखणारी व्यवस्था येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एकमेकांशी सौजन्याने वागणे या लोकांना कोणी बाहेरून शिकवले नाही, हे प्रथमच ध्यानी घेतले पाहिजे.

या व्यवस्थेला तडा गेला तो कागदामुळे. संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. जमिनीचा पट्टा, जंगलाची हद्द, दंडाची पावती, सारे काही अशा भाषेत आणि अशा लिपीत की, ज्याच्या नावाने कागद निघे त्याला त्यावरचे अक्षरही कळू नये. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि पिढ्यांची शेते एका रात्रीत अतिक्रमणे ठरली. कागद जाणणारे बाहेरचे लोक आले. गोंडांनी झाडी तोडून तयार केलेल्या काळ्या जमिनी त्यांच्या नावावर चढल्या. जंगल खात्याच्या शिपायांची वेठ होती, सावकाराचे व्याज होते. यांतील प्रत्येक अन्यायाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : समोरच्याचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणालाही गरज वाटत नव्हती.

१९४० साली या साचलेल्या असंतोषाचा स्फोट झाला. कोमराम भीम या तरुण गोंडाने आपल्या लोकांसाठी जमीन आणि जंगलावरील हक्क मागितला. वाटाघाटी फिसकटल्या आणि जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. ही माणसे शस्त्र उचलण्यापर्यंत का आली, हा प्रश्न त्यानंतर निजाम सरकारला पडला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्याच्याकडे आले तो मनुष्य स्वतःच एका अर्थाने बंदिवान होता.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हा व्हिएन्नात १९०९ साली जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ. १९३९मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो भारतात होता. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केलेला असल्याने त्याचे पारपत्र जर्मन होते. साहजिकच ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावे, एवढीच मोकळीक त्याला मिळाली. १९४१पासून तो आणि त्याची इंग्रज पत्नी एलिझाबेथ ऊर्फ बेट्टी आदिलाबादच्या डोंगरांतील मारलवाई या गोंड खेड्यात राहू लागले. ते गोंडी शिकले, गोंडांच्या सणांत बसले, त्यांच्या कुलकथा ऐकून त्यांनी टिपून घेतल्या.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. हायमेंडॉर्फने गोंडांवर उपकार केले, अशी ही कथा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. परंतु घटनांचा क्रम पाहिला तर सौजन्याचा पहिला हात पुढे आला तो गोंडांचा. आदल्याच वर्षी ज्या सरकारच्या बंदुकांनी त्यांची माणसे मारली होती, त्याच सरकारच्या परवानगीने आलेल्या एका परक्या जोडप्याला मारलवाईने आपल्यात राहू दिले. आपली भाषा शिकू पाहणाऱ्याला ती शिकवली. देवदेवतांच्या, पूर्वजांच्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या. युद्धाने ज्याला धड देश उरला नव्हता, त्याला एका खेड्याने गाव दिले. पुढे जे घडले त्याची पायाभरणी या आतिथ्यात आहे.

या ऋणाची जाणीव हायमेंडॉर्फने कोरड्या शब्दांनी व्यक्त केली नाही. त्याने सरकारकडे अहवाल पाठवले. ते १९४५ साली ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास तो निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार झाला. जमिनीचे पट्टे लिलावावाचून थेट कसणाऱ्याच्या हाती देण्याचे काम सुरू झाले आणि १९४९पर्यंत एकट्या आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन अकरा हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे झाली. हा आकडा मोठा आहे खरा. पण तो ज्या रीतीने साध्य झाला ती रीत अधिक महत्त्वाची. गावोगाव जायचे, कोणते शेत कोणाचे हे कसणाऱ्यालाच विचारायचे, त्याच्या तोंडचे ऐकून कागद करायचा. सौजन्य येथे महसुलाच्या कामकाजाचा भाग झाले होते.

दुसरे काम शाळांचे. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. जेमतेम लिहितावाचता येणारे मूठभर तरुण निवडून त्यांना शिकवण्यास सुरुवात झाली. गोंडी भाषेत वाचनमाला तयार करण्यात आल्या आणि त्यांसाठी लिपी निवडली ती देवनागरी, कारण या भागातील गोंडांना जी काही अक्षरओळख होती ती मराठीमुळे होती. मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक त्याच्या आईच्या बोलीत असावे, हा विचार आज आपल्याला सहज पटतो. परंतु उर्दूच्या त्या अमलात एका उपेक्षित समाजाच्या बोलीचे पुस्तक निघणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

या प्रकरणातील एक नाव मराठी वाचकांना चांगलेच परिचित आहे, पण या संदर्भात ते क्वचितच घेतले जाते. शिवकालाचे आणि फार्सी साधनांचे अभ्यासक म्हणून आपण सेतुमाधवराव पगडी यांना ओळखतो. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादेत त्यांनी आदिवासींमध्ये काम केले. बदलीवर आलेला अधिकारी दुभाष्याकरवी कारभार उरकू शकला असता. पगडींनी तसे केले नाही. त्यांनी गोंडी आत्मसात केली, कोलामी आत्मसात केली. १९४९मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, १९५०मध्ये कोलामीचे आणि १९५४मध्ये गोंडीचे व्याकरण प्रसिद्ध केले. द्राविड भाषांच्या अभ्यासकांनी या व्याकरणांचा पुढे साधनग्रंथ म्हणून उपयोग केला. विद्वत्तेचे मोल तर आहेच. परंतु व्याकरण लिहिण्यासाठी माणसाला दुसऱ्याचे बोलणे किती दिवस, किती धीराने ऐकावे लागते, याचा विचार केला म्हणजे त्या ग्रंथांकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू लागतो. शब्द चुकला तर शेतकऱ्याने हसून दुरुस्त करावा आणि अधिकाऱ्याने तो पुन्हा म्हणावा, यावाचून असे पुस्तक होत नाही. हुकूम देणारा येथे विद्यार्थी होतो.

अर्थात, सदिच्छेलाही स्वतःचे अज्ञान असते. गोंडीसाठी देवनागरी निवडली गेली तेव्हा जिल्ह्यातीलच गुंजाळा या गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले ते एकविसाव्या शतकात. २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्याचे भले करावयाचे त्याच्यापाशी आधीच काय आहे, हे विचारण्याचे काम कधीच पुरे होत नाही, एवढे यातून घ्यावे.

याहून कठोर धडा पुढच्या तीन दशकांचा आहे. हायमेंडॉर्फ लंडनला गेला, पगडींची बदली झाली, संस्थान गेले, राज्ये बदलली. १९५६नंतर जिल्ह्याची राज्यभाषा तेलुगू झाली आणि गोंडी वाचनमाला मागे पडल्या. बाहेरून येणाऱ्यांचा ओघ वाढला. आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून कायदे होते, १९७०मध्ये ते अधिक कडकही झाले. तरी पट्टे हातांतून निसटत राहिले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हायमेंडॉर्फ दांपत्य पुन्हा या डोंगरांत आले आणि आपण पाहिलेले काम कसे विरले, हे त्यांना पाहावे लागले. १९७९ आणि १९८२च्या त्याच्या ग्रंथांत ही निराशा नोंदलेली आहे. या दोन पुस्तकांच्या मधेच, २० एप्रिल १९८१ रोजी, जमिनीच्या प्रश्नावर इंदरवेल्ली येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. स्थानिक लोक याहून कितीतरी मोठी संख्या सांगत आले आहेत. जोडेघाटानंतर एक्केचाळीस वर्षांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

तर मग त्या चाळिशीतील सौजन्याचे मोल काय? काही चांगली माणसे आली आणि गेली, एवढेच का? सौजन्य हे हक्काची जागा घेऊ शकत नाही, हे इंदरवेल्लीने सिद्ध केले. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : कायदा पुस्तकात असूनही तो माणसापर्यंत पोहोचला नाही, कारण कचेरीच्या दारात त्याचे ऐकून घेणारा उरला नव्हता. १९४९ आणि १९८१ यांमधील फरक कायद्याच्या अभावाचा नसून सवयीच्या अभावाचा होता. सौजन्य साठवून ठेवता येत नाही. एका पिढीने ते केले म्हणून दुसरीला त्यावर जगता येत नाही. रोज सकाळी ते नव्याने करावे लागते.

हे सातत्य जिथे टिकले तिथे काय घडते, याची उदाहरणेही याच जिल्ह्यात सापडतात. पौष अमावास्येला केसलापूर येथे मेसराम कुळाचे लोक नागोबाची पूजा करतात. पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. याच यात्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, अशी प्रथा हायमेंडॉर्फच्या काळात, चाळीसच्या दशकात पडली. लोकांनी कचेरीत जाण्याऐवजी कचेरीने देवाच्या दारी यावे, ही कल्पना साधी आहे, म्हणूनच ती दीर्घकाळ टिकली.

डिसेंबर २०१७मध्ये, आदिवासी आणि लंबाडा समाजांत तणाव पेटला असताना, दिव्या देवराजन आदिलाबादच्या जिल्हाधिकारी म्हणून आल्या. काही महिन्यांतच त्या गोंडी बोलू लागल्या आणि लोकांशी दुभाष्यावाचून संवाद करू लागल्या. २०२०मध्ये त्यांची बदली झाल्यावर आदिवासींनी एका वस्तीला ‘दिव्यागुडा’ असे नाव दिले. पगडींच्या व्याकरणापासून या घटनेपर्यंत सुमारे पासष्ट वर्षांचे अंतर आहे. गोंडांनी ज्या गोष्टीची कदर केली ती मात्र तीच आहे. कोणीतरी त्यांच्या भाषेत त्यांना उत्तर दिले.

आणि गोंडांची कदर अल्पायुषी नसते. बेट्टी हायमेंडॉर्फ ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत निवर्तली. तिला मारलवाईत पुरण्यात आले. हायमेंडॉर्फ १९९५मध्ये लंडनला वारला. २०१२ साली त्याची रक्षा आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आली. दर वर्षी ११ जानेवारीला गावकरी त्या समाधीपाशी जमून दोघांचे स्मरण करतात. ज्या सरकारांनी पट्टे दिले आणि ज्यांनी ते जाऊ दिले, त्यांची दफ्तरे कुठल्या कुठे गेली. दोन परक्या माणसांची आठवण मात्र एका खेड्याने, कोणाच्याही हुकुमावाचून, आपल्या पूर्वजांच्या आठवणीबरोबर सांभाळली आहे. नोंद ठेवण्याचे जे काम इतिहासाने केले नाही, ते मारलवाईने केले.