एका गावावरून काय कळतं?

मंडळी, घरात हल्ली दोघं-तिघं अर्थशास्त्र शिकताहेत. त्यांच्यासाठी ही जुनी गोष्ट.

आज टोलेजंग इमारतींनी भरलेलं पिंपळे सौदागर शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळचं एक खेडं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी तिथली जमीन, पिकं, कर्ज, घरोघरचा जमाखर्च तपासून १९१७ साली पुस्तक काढलं. मॅनसाहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ बरं का! जुन्या नोंदींवरून त्यांना दिसलं, की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली शेतकऱ्याची जमीन १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. (भाऊबंदांच्या वाटण्या, दुसरं काय!)

पण मला कौतुक वाटतं ते पुढच्या कामाचं. गावातली माणसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मजुरीला जात. अशा गावावरून सगळ्या दख्खनबद्दल कसं बोलायचं? मॅननी सहकारी कानिटकरांना घेऊन शहरापासून लांबचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडलं आणि तीच मोजदाद पुन्हा केली. १९२१ साली दुसरं पुस्तक आलं. तिथे ओढगस्तीची घरं पहिल्या गावापेक्षाही जास्त निघाली.