बावीस मिलिमीटरचा गोळा आणि आपली मांडी

तुमच्या घरी कुणाचा खुब्याचा सांधा बदलला असेल, तर इस्पितळातून मिळणारं सूचनापत्रक तुम्ही पाहिलं असेल. खुर्ची उंच हवी, खुब्यात नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. जमिनीवर बसून भाजी निवडण्यात आयुष्य गेलेल्या आईला हे वाचून दाखवताना आपणच चाचरतो. "मग मी देवासमोर बसू कशी?" याचं उत्तर पत्रकात नसतं. पण ही पथ्यं आली कुठून, हे मात्र सांगता येतं. त्यासाठी इंग्लंडमधल्या विगनजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात जावं लागतं.

मूळचं हे क्षयरोग्यांचं इस्पितळ. तिथे जॉन चार्न्ली या शल्यविशारदांनी खुब्याचा ध्यास घेतला. कृत्रिम सांध्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. 1938 मध्ये लंडनला फिलिप वाइल्स यांनी पोलादी सांधे बसवले होते. चार्न्ली यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाचा कृत्रिम सांधा मात्र चालताना इतका करकरायचा, की बायको वैतागली होती. त्या करकरीतून त्यांनी खरा प्रश्न ओळखला: घर्षण. उखळीसाठी त्यांनी गुळगुळीत टेफ्लॉन निवडलं, आणि घर्षणाचा जोर कमी पडावा म्हणून धातूचा गोळा लहान करत करत 22 मिलिमीटरवर आणला.

रुग्ण चालू लागले, वेदना गेल्या. आणि तीन-चार वर्षांत तेच रुग्ण लंगडत परतले. टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा आजूबाजूच्या मांसात गाठी करत होता. सुमारे 300 जणांना ते सांधे बसले होते. अनेकांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. माझ्या मते चार्न्ली यांची खरी थोरवी इथे दिसते. त्यांनी अपयश झाकलं नाही.

1962 मध्ये एक विक्रेता प्रयोगशाळेत उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन घेऊन आला. लँकशायरच्या मागांची दातेरी चाकं त्याची बनत. चार्न्ली यांनी नखाने टोचून पाहिलं आणि नाक मुरडलं. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते झीज मोजायच्या यंत्रावर चढवलं. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही ते, टेफ्लॉन एका दिवसात झिजेल तेवढंही झिजलं नाही! पूर्वीचा चटका लक्षात ठेवून चार्न्ली यांनी दोन्ही पदार्थांची पूड स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉनने गाठ धरली, पॉलिथिलीनने फारशी नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा सांधा पहिल्या रुग्णाला बसला. पुढे कित्येक रुग्णांनी मृत्यूनंतर आपले सांधे तपासणीला परत द्यायला संमती दिली. झीज किती होते, हे त्यामुळेही कळलं.

आता पत्रकाकडे या. गोळा लहान, म्हणून झीज कमी. पण लहान गोळा उखळीतून निसटायलाही सोपा. मागच्या बाजूने छेद घेतला असेल, तर खोल वाकून गुडघा आत वळवणं विशेष धोक्याचं. पथ्यं जन्मली ती या भीतीतून. 1990 च्या दशकाअखेरीस खूप कमी झिजणारं, सुधारित पॉलिथिलीन आलं आणि 32 किंवा 36 मिलिमीटरचे गोळे परवडू लागले. पथ्यं त्यामुळे बरीच सैल झाली. काही ठिकाणी ती जवळपास गेलीच.

आणखी एक गोष्ट. पत्रक ज्याला मनाई करतं ते पायावर पाय टाकणं; त्यात मांडी आत जाते. आपली मांडी घालताना गुडघे बाहेर उघडतात. म्हणजे या दोन हालचाली एक नव्हेत, जरी इंग्रजीत दोन्हींना जवळपास एकच शब्द वापरला जातो. जमिनीवरून उठताना खुबा खोल दुमडतो, हा धोका मात्र उरतोच, आणि पुढून छेद घेतला असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. म्हणून पुढच्या भेटीत शल्यविशारदांना छेद कुठून घेतला आणि गोळा किती मिलिमीटरचा आहे, हे विचारा. आणि आई कशी बसते, हे शब्दांत सांगू नका. तिथल्या खाटेवर स्वतः मांडी घालून दाखवा.